मुख्याध्यापक संघ म्हणजे काय, आणि त्याचा आपल्या पोरांशी संबंध काय? वाचा सविस्तर

कन्हान : दहावीचा परीक्षा अर्ज असो, एनएमएमएस परीक्षा असो, विज्ञान प्रदर्शन असो की खेळाडूंचे वाढीव गुण. प्रत्येक ठिकाणी शेवटी मुख्याध्यापकांची सही लागते, नाहीतर शाळेचे लॉगिन लागते. पालकाला घरबसल्या मोबाईलवरून ही कामे करता येत नाहीत. त्यामुळे मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी असली, किंवा त्यांचा दिवस कागदं रंगवण्यातच गेला, तर नुकसान पोरांचे होते. याच मुख्याध्यापकांची संघटना म्हणजे मुख्याध्यापक संघ.

संघाची रचना कशी?

मुख्याध्यापक संघ हे सरकारी कार्यालय नाही. प्रामुख्याने माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकत्र येऊन चालवलेली ही संघटना आहे. तालुका आणि जिल्हा पातळीवर संघ असतात. आपल्या भागात विदर्भ मुख्याध्यापक संघ आहे, तर राज्यभरातल्या संघांचे मिळून संयुक्त महामंडळ आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटना वेगळ्या असतात.

संघ करतो काय?

पहिले काम म्हणजे शासनापुढे प्रश्न मांडणे. रिक्त पदे, वेतनेतर अनुदान, संचमान्यता, ऑनलाईन माहितीचा भडिमार हे त्यांचे नेहमीचे विषय. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तरी शाळेत कामाचा ढीग साचतोच, अशी मुख्याध्यापकांची जुनी तक्रार आहे.

दुसरे काम विद्यार्थ्यांशी थेट जोडलेले आहे. अनेक तालुक्यांत विज्ञान प्रदर्शन भरते ते पंचायत समितीचा शिक्षण विभाग, मुख्याध्यापक संघ आणि विज्ञान शिक्षकांच्या मंडळाच्या सहकार्याने. काही जिल्ह्यांत संघच दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका काढतो. नवीन नियम निघाला की मुख्याध्यापकांच्या सभा घेऊन तो समजावून सांगणे, हेही संघाचे काम.

मुख्याध्यापक नसले तर?

अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकाची नेमणूक १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार, सेवाज्येष्ठता पाहून होते. संस्थेत वाद असला किंवा मान्यता अडकली, तर शाळा प्रभारीवर चालते. प्रभारी सर स्वतःचे तासही घेतात आणि कार्यालयही सांभाळतात.

लहान शाळांची अडचण वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी १५० पेक्षा जास्त आणि सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा जास्त पटसंख्या असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे. खेड्यातल्या कितीतरी शाळा या आकड्याच्या खाली आहेत.

पोरांचे काय काय अडकते?

एनएमएमएस शिष्यवृत्ती : सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत हवे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार रुपये. अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. तारीख गेली की संधी गेली, कारण आठवी एकदाच असते.

इन्स्पायर मानक : सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी. निवड झाल्यास १० हजार रुपये. नोंदणी शाळेच्या लॉगिनवरून.

शालेय क्रीडा स्पर्धा : १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेने वेळेत द्यावा लागतो.

रेखाकला परीक्षा : इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही दहावीत वाढीव गुण. हा प्रस्तावही शाळाच पाठवते.

कन्हान-पिपरीत खाण कामगार, शेतमजूर आणि लहान दुकानदारांची मुले मोठ्या संख्येने आहेत. अशा घरात ४८ हजार ही लहान रक्कम नाही.

पालकांनी कुठे जायचे?

संघ ही मुख्याध्यापकांची बाजू मांडणारी संघटना आहे. पालकांच्या तक्रारीवर आदेश काढण्याचा अधिकार तिला नाही. त्यामुळे चुकीच्या दारात चकरा मारू नका.

– आधी शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.
– सरकारी व अनुदानित शाळेतील आठवीपर्यंतचे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. कायद्यानुसार या समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात.
– तिथे दाद लागली नाही तर पारशिवनी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी.
– माध्यमिक शाळेसाठी नागपूर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक).
– खेळाच्या गुणांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय.
– दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी नागपूर विभागीय मंडळ.

एवढे विचारून ठेवा

शाळा सुरू झाली की पहिल्याच पालकसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेला कायम मुख्याध्यापक आहेत की प्रभारी? एनएमएमएस आणि इन्स्पायरचे काम कोणत्या शिक्षकाकडे आहे? अर्जाची शेवटची तारीख आली की पालकांच्या ग्रुपवर कोण टाकणार? पद रिकामे असेल तर ते भरण्याची मागणी व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करता येते. मुख्याध्यापक संघही तीच मागणी वर लावून धरतो. गावाचा ठराव आणि संघाचे निवेदन एकाच वेळी कार्यालयात पोहोचले, तर मागणीला जोर येतो.