पाळी आणि खेप : मालमोटारचालकाच्या श्रमकालाचा इतिहास, सोलापूरच्या संदर्भात

सोलापूरच्या श्रमजीवनाचा इतिहास आजवर बहुतांशी गिरणीच्या फाटकाशी उभे राहून लिहिला गेला आहे. ते स्वाभाविकही होते. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, स्थापन झाली आणि तेव्हापासून या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालू लागला. परंतु गिरणीत विणलेले कापड आणि जिल्ह्यात पिकलेला माल दूरच्या पेठांत पोहोचविणारा जो मनुष्य, त्याची नोंद या इतिहासात तुरळकच आढळते. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरास आली व त्या काळी बैलगाड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक मागे पडली. पुढे मोटारीच्या युगात रस्त्याने आपले स्थान परत मिळविले. पुणे-हैदराबाद, विजापूर, धुळे आणि सांगली-कोल्हापूर या दिशांचे महामार्ग सोलापुरात एकत्र येतात. या मार्गांवर मालमोटार चालविणाऱ्या चालकाच्या कामाचे तास कायद्याने कसे मोजले आणि त्याचे वेतन व्यवहाराने कसे मोजले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या दोन मोजमापांतील विसंगती हेच चालकाच्या हलाखीचे मूळ आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१

प्रारंभी दोन शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. गिरणीने सोलापूरच्या बोलीत ‘पाळी’ हा शब्द विशिष्ट अर्थाने रूढ केला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. मूळचा अर्थ ‘क्रमाने येणारा वार’ असा असला, तरी गिरणीत ‘पाळी’ म्हणजे भोंग्यापासून भोंग्यापर्यंतचा काळ. रस्त्यावरचा शब्द मात्र ‘खेप’ हा आहे. संस्कृत ‘क्षिप्’ धातूच्या परिवारातील हा शब्द मोटारीच्या फार पूर्वीचा असून, एकदा माल भरून नेणे व पोहोचविणे एवढाच त्याचा अर्थ. खेपेला आरंभ आहे, शेवट आहे, अंतर आहे, वजन आहे. पण तास नाहीत. ‘किती वेळ काम केले?’ या प्रश्नाचे उत्तर गिरणी कामगार पाळ्यांत देतो. मालमोटारचालक ‘महिन्यात अमुक खेपा झाल्या’ असे देतो.

हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. गिरणीतही विणकराला बहुधा कामाच्या मापावरच मजुरी मिळे. म्हणजे मापावरील मजुरी आणि मर्यादित तास या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. परंतु गिरणीला फाटक होते. भोंगा झाला की यंत्र थांबे आणि अधिक कमावण्याची इच्छा असली तरी विणकराला घरी जावे लागे. रस्त्याला फाटक नाही. तेथे कामाची मर्यादा चालकाची झोप, मालकाची निकड आणि अपघाताचे भय हीच काय ती उरते.

२

कामाच्या तासांचे भारतीय कायदे प्रथम कारखान्यासाठी झाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांचा केला. १९२२ मध्ये दिवसाला ११ व आठवड्याला ६०, १९३४ मध्ये दिवसाला १० व आठवड्याला ५४, आणि १९४८ मध्ये दिवसाला ९ व आठवड्याला ४८ अशी मर्यादा उतरत गेली. रेल्वे कामगारांसाठी १९३० च्या दुरुस्तीने सतत कामास आठवड्याचे ६० तास ठरले.

मोटारचालकास हे संरक्षण प्रथम १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने दिले. त्याच्या ६५ व्या कलमानुसार सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ५४ तास ही मर्यादा घालण्यात आली. ५४ हा आकडा १९३४ च्या कारखाना कायद्यातील आठवड्याच्या मर्यादेइतकाच आहे, हे अभ्यासकाच्या ध्यानात येईल. परंतु याहूनही लक्षणीय गोष्ट म्हणजे हे कलम कोठे घातले गेले ही होय. ते परवान्यांच्या व वाहतूक-नियंत्रणाच्या प्रकरणात आहे. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालापासून रेल्वे व रस्ता यांच्या स्पर्धेची चर्चा सरकारदरबारी चालू होती आणि मालमोटारीस नियमांच्या चौकटीत आणणे हा या कायद्याचा एक हेतू होता. चालकाच्या श्रमाचे नियमन हे अशा रीतीने वाहनाच्या नियमनाचे एक पोटकलम म्हणून जन्मास आले. त्या जन्मखुणा पुढेही पुसल्या गेल्या नाहीत.

३

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये मोटार परिवहन कामगार कायदा झाला. हा खऱ्या अर्थाने कामगारांचा कायदा होता. दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास; लांब पल्ल्याच्या मार्गांवर अनुक्रमे १० व ५४ पर्यंत सवलत; पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती; आठवड्याची सुट्टी; जादा कामास दुप्पट दराने वेतन. कागदावर पाहता गिरणी कामगारास जे मिळाले, ते बहुतेक सर्व चालकासही मिळाले. मग प्रत्यक्षात उणीव कोठे राहिली? दोन ठिकाणी.

पहिली उणीव कायद्याच्या व्याप्तीत होती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायासच तो लागू होता. राज्य सरकारला अधिसूचनेने त्याखालील व्यवसायांस तो लावता येत असे, हे खरे. परंतु आपल्याकडे मालवाहतुकीचा धंदा मुख्यतः एकदोन गाड्यांच्या मालकांचा आहे. गाडी कर्जाने घेतलेली, हप्ता डोक्यावर, आणि पुष्कळदा मालकच चालक. सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायात कामगारसंख्येच्या उंबरठ्याखाली राहणारी लहान लहान आवारे कशी कायद्याबाहेर राहतात, हे या शहरास परिचित आहे. रस्त्यावर तोच प्रकार चाकांवर चालतो.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म असून ती व्याख्येत होती. ‘कामाचे तास’ म्हणजे कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो काळ, असे कायद्याने म्हटले. त्यात गाडी चालू असतानाचे काम व आनुषंगिक काम धरले. आणि अखेरच्या ठिकाणी नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तोही धरला. ही रचना १९३९ च्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या ६७ व्या कराराशी जवळचे नाते सांगते, आणि वेळापत्रकावर धावणाऱ्या वाहनास ती शोभून दिसते. मालमोटारीचे जीवन निराळे आहे. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या शेकडो गाड्या एका दिवसात येतात आणि आवक फार झाली म्हणजे लिलाव बंद ठेवण्याचीही वेळ येते. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या आवारात उसाच्या गाड्या गव्हाणीपाशी नंबर लागेपर्यंत उभ्या असतात. ही उभी राहण्याची वेळ पंधरा मिनिटांची नसते. ती कधी रात्रीची रात्र असते.

येथे मराठी भाषेने केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. आपण ‘मुक्काम’ आणि ‘खोळंबा’ हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरीत नाही. अरबीतून आलेला ‘मुक्काम’ हा प्रवाशाने स्वेच्छेने केलेला, झोपेचा व भाकरीचा थांबा. ‘खोळंबा’ हा दुसऱ्याच्या कारणाने लादलेला. त्यात मनुष्य रिकामा दिसतो पण मोकळा नसतो. रांग पुढे सरकली की गाडी सरकवावी लागते, मालावर नजर ठेवावी लागते. कायद्याच्या परिभाषेत काम होते आणि विश्रांती होती. खोळंब्यास स्वतंत्र नाव नव्हते. ज्यास नाव नाही त्यास दरही मिळत नाही.

४

वेतनाचा विचार या संदर्भातच केला पाहिजे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत सार्वजनिक मोटार वाहतुकीचा समावेश प्रथमपासून होता. परंतु किमान वेतन हे दिवसाचे व महिन्याचे माप आहे. व्यवहारात चालकाच्या हाती येणारा पैसा हा थोडा पगार, दर खेपेचा भत्ता आणि वाटखर्चातून राहिलेली शिल्लक अशा तीन धारांनी येतो. अडचणीच्या वेळी घेतलेली उचल यातून वळती होते. पगाराची धार बारीक असल्याने संसार चालतो तो खेपांवर.

एक साधा हिशेब करून पाहू. सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. भरलेल्या गाडीने तासाला सरासरी ४० किलोमीटर कापले, तर सव्वासहा तास लागतात. विश्रांतीचा अर्धा तास मिळवूनही ही खेप आठ तासांत बसते. म्हणजे निव्वळ चालविण्यापुरता कायदा पाळणे मुळीच अशक्य नाही. परंतु माल भरताना अर्धा दिवस गेला, शहरात दिवसा जड वाहनांस प्रवेशबंदी असल्याने नाक्याबाहेर रात्रीची वाट पाहिली, उतरविताना पुन्हा नंबर लागला, तर एका खेपेत दीड दिवस जातो आणि भत्ता मात्र एकाच खेपेचा. खोळंब्यात गमावलेला हा काळ चालक एकाच ठिकाणी भरून काढू शकतो, आणि ते म्हणजे रात्रीचा मोकळा रस्ता. तो झोप तोडतो, क्लीनरच्या हाती चक्र देतो, चहावर गाडी रेटतो. बाहेरच्यास हा बेजबाबदारपणा वाटतो. हिशेबाच्या दृष्टीने पाहता ती न मोजलेल्या तासांची वसुली आहे, आणि तिची किंमत तो स्वतःच्या व रस्त्यावरील इतरांच्या जीवाने देऊ करतो.

५

हे सारे अटळ होते काय? दोन उदाहरणे नकारार्थी उत्तर देतात. पहिले एस. टी. चे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली बस धावली आणि पुढे प्रवासी वाहतूक महामंडळाकडे गेली. तेथे वेळापत्रक, आगार व हजेरी आली. गिरणीचे फाटक एका अर्थी रस्त्यावर आले. वेतनाचा प्रश्न त्यानेही सुटला नाही, हे २०२१-२२ च्या दीर्घ संपाने दाखविले. परंतु काम कोठे सुरू होते व कोठे संपते, हे तेथे ठरलेले असते. मालवाहतूक मात्र मुख्यतः खाजगीच राहिली.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. चालकाची गाडी भरणारा हमालही मापावरच कमावतो आणि त्यासही अनेक मालक असतात. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने या श्रमिकाचे तासांत रूपांतर करण्याचा आग्रह धरला नाही. मंडळ नेमले, नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची व भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयींची व्यवस्था केली. म्हणजे खेपेचे माप कायम ठेवूनही संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राने स्वतःच सिद्ध केले आहे. एकाच गाडीपाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकास मंडळ आहे आणि दुसऱ्यास नाही, ही आपल्या श्रमविषयक कायद्यांतील मोठी विषमता मानावी लागेल.

६

अलीकडच्या घटनांचा अर्थ याच सूत्राने लागतो. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत व दुसऱ्यास झोपता येईल अशी बैठक असावी, ही अट २०१८ मध्ये काढण्यात आली; त्याच वर्षी अनुज्ञेय भारही वाढविण्यात आला. जानेवारी २०२४ च्या आरंभी, अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम वगळून ठेवण्यात आले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींत वातानुकूलित कक्ष आवश्यक झाला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील वेतनसंहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व रोजगारांस दिला. पण कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने १९६१ चा कायदा रद्द करून मोटार परिवहन व्यवसायासाठी कामगारसंख्येचा उंबरठा पाचावरून दहावर नेला. वेतनाचे दार रुंद झाले आणि तासांचे दार अरुंद झाले. वर दाखविल्याप्रमाणे ही दोन दारे एकाच खोलीची आहेत. तास न मोजता दिलेले किमान वेतन कशाचे किमान, हे सांगता येत नाही.

सारांश, ९ व ५४ असोत वा ८ व ४८, हे आकडे गिरणीच्या पाळीतून रस्त्यावर आले आणि फाटक तेवढे मागे राहिले. चालकाचे प्रश्न सोडविण्यासाठी आकडे आणखी खाली आणणे पुरेसे नाही. खोळंब्याचा काळ हा श्रमाचा काळ म्हणून मान्य करणे, तो ज्याच्या दारी घडतो त्याच्यावर त्याचा आकार बसविणे, आणि लहान मालकांच्या चालकांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीची व्यवस्था करणे, या तीन गोष्टींचा विचार व्हावयास हवा. सोलापूरच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी गिरणीच्या हजेरीपटाबरोबर मालवाहतुकीच्या बिल्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या व बाजार समितीच्या आवकनोंदी ही साधनेही हाताळावीत. गाडी केव्हा आली आणि केव्हा गेली, याचे उत्तर त्या कागदांत सापडेल. भोंग्याचा इतिहास लिहून झाला. खोळंब्याचा अजून लिहावयाचा आहे.