चकती घातली, हुकूम कोणाचा?

संगणकाला पेनड्राइव्ह जोडला की पडद्यावर एक छोटी चौकट उघडते आणि याचे काय करायचे, असे विचारते. मुले ती न वाचताच बंद करतात. शिक्षकही बहुधा तेच करतात. हा प्रश्न विचारायला संगणक फार उशिरा शिकला. मधल्या काळात त्याने न विचारता काय काय केले, त्याची हकीकत आम्हाला येथे सांगायची आहे.

सुरुवात १९७१ पासून करू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची युनिक्स ही कार्यप्रणाली तेव्हा आकार घेत होती. त्या वर्षीच्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ‘माउंट’ नावाची आज्ञा आहे. युनिक्समध्ये सर्व फाइलींची रचना एकाच झाडासारखी असते. बाहेरून आणलेली चकती यंत्रात नुसती बसवली, तर युनिक्सच्या लेखी ती आलेलीच नसते. ‘ही चकती झाडाच्या अमुक फांदीला जोड’ अशी आज्ञा कोणी तरी द्यावी लागते, आणि काढण्यापूर्वी ‘सोडव’ असेही सांगावे लागते.

हे सोडवणे का लागते, हे विद्यार्थ्यांना दुकानाच्या उदाहरणाने चांगले समजते. गर्दीच्या वेळी दुकानदार उधारी कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीने खतावणीत चढवतो. संगणकही चकतीवर लिहायचा मजकूर आधी स्वतःच्या स्मृतीत टिपून ठेवतो, कारण चकती त्याच्या मानाने फार मंद असते. खतावणी चढवून होण्याआधीच कोणी ती उचलून नेली तर हिशेब अर्धवट राहणारच. पेनड्राइव्ह उपटण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ म्हणायचे ते एवढ्यासाठी.

माउंटमध्ये आणखी एक गोम होती. युनिक्समधील काही आज्ञावल्यांवर अशी खूण असते की त्या कोणीही चालवल्या तरी त्यांना मालकाचे अधिकार मिळतात. आता समजा, एखाद्याने दुसऱ्याच यंत्रावर चकती तयार केली आणि तीवरच्या आज्ञावलीचा मालक ‘सर्वाधिकारी’ असल्याची खूण करून ती आणली. ती जोडली गेली की आणणारा क्षणात यंत्राचा धनी! म्हणून चकती जोडण्याचा अधिकार बराच काळ व्यवस्थापकाच्या हाती राहिला. आज लिनक्सच्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह आपोआप जोडला जातो, पण जोडताना ‘या चकतीवरच्या अशा खुणा मानू नयेत’ अशी अटही सोबत घातलेली असते.

घरगुती संगणकात हा सावधपणा नव्हता. एका माणसाचे यंत्र, त्याला व्यवस्थापक कशाला? १९८१ साली आलेला आयबीएम पीसी सुरू होताना प्रथम ‘ए’ खाचेत फ्लॉपी आहे का ते पाही. असल्यास तिच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये जे असेल ते आज्ञा समजून अमलात आणी. निबंध साठवण्याच्या साध्या फ्लॉपीवरही त्या जागी एक चिमुकली आज्ञावली असे. ‘ही चकती यंत्र सुरू करण्याची नव्हे’ एवढा निरोप दाखवणे हे तिचे काम. म्हणजे ‘फक्त माहितीची’ अशी फ्लॉपी नव्हतीच. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी नेमक्या याच जागी आपला ‘ब्रेन’ बसवला, तोही स्वतःच्या नावपत्त्यासह. पीसीवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. विसरून आत राहिलेली फ्लॉपी एवढेच त्याचे वाहन होते.

खरी गंमत पुढे आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ आणले. तेव्हा सीडी नव्या होत्या आणि नवशिक्या माणसाने सीडी घातल्यावर पुढे काय टंकायचे, ही अडचण होती. त्यावर तोड निघाली ती ‘ऑटोरन’ची. सीडीवर ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ नावाची दोन ओळींची फाइल ठेवायची आणि कोणती आज्ञावली चालवायची तिचे नाव तीत लिहायचे. सीडी आत गेली की ती आज्ञावली सुरू. युनिक्सने चकती जोडण्यासाठीसुद्धा परवानगी मागितली होती. इथे चकतीच यंत्राला हुकूम देऊ लागली.

हा हुकूम कोणत्या साधनाचा मानायचा, हे विंडोजमध्ये एका आकड्यात साठवलेले असते, आणि द्विमान पद्धती शिकवणाऱ्यांसाठी ते अस्सल उदाहरण आहे. आठ अंकांपैकी प्रत्येक अंक एका प्रकारच्या साधनाचा. तिथे १ असेल तर त्या साधनाचे ऑटोरन बंद. ४ किंमतीचा अंक फ्लॉपीसारख्या काढघालीच्या साधनांचा, ८ चा आतल्या स्थिर चकतीचा, १६ चा जाळ्यावरील चकतीचा, ३२ चा सीडीचा. विंडोज ९५ मधला मूळ आकडा होता १४९, म्हणजे १२८ अधिक १६ अधिक ४ अधिक १. फळ्यावर १००१०१०१ लिहून पाहा. फ्लॉपी बंद, सीडी चालू. तर्क उघड दिसतो. फ्लॉपीवर कोणीही काहीही लिहील, सीडी मात्र कारखान्यातून छापून येते. घरोघरी सीडी लिहिणारी यंत्रे आली आणि तो तर्क लंगडा पडला.

२००१ च्या विंडोज एक्सपीत हा आकडा १४५ झाला. वजाबाकी करा: ४. फ्लॉपीच्या घरातला बंद अंक उघडा झाला. यूएसबी हे जोडणीचे प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये ठरले होते. २००० साली ८ मेगाबाइटचे पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले, आणि विंडोजच्या हिशेबी तेही त्याच घरातले. पेनड्राइव्हवरील ऑटोरन फाइल वाचली जाऊ लागली, तिने सुचवलेले काम चौकटीत दिसू लागले, चिन्हावर दोनदा टिचकी मारली की ते सुरूही होऊ लागले.

सीडीचा विश्वासही टिकला नाही. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी अ‍ॅलेक्स हॉल्डरमन याने दाखवून दिले, की गाण्याच्या एका सीडीवरील नक्कल रोखणारी यंत्रणा ऑटोरनवर अवलंबून आहे आणि सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की ती निकामी ठरते. संबंधित कंपनीने त्याला खटल्याची धमकी दिली आणि लगेच मागेही घेतली. एक कळ दाबणे हा गुन्हा कसा ठरवणार? २००५ मध्ये मार्क रुसिनोविच याने उघड केले, की सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात लपून राहणारी आज्ञावली बसवतात. तिथेही दार ऑटोरनचेच होते.

२००८ च्या अखेरीस ‘कॉनफिकर’ आला. त्याच्या पेनड्राइव्हची चौकट उघडली की ‘फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा’ ही ओळ दोनदा दिसे. एक विंडोजची खरी, तर दुसरी विषाणूने लिहिलेली, तेच फोल्डरचे चित्र लावून. वाचणारा माणूसही फसे, आणि वाचणारे मुळात थोडे. त्याच वर्षी अशाच मार्गाने पसरणारा एक किडा अमेरिकी लष्कराच्या संगणकांत सापडला आणि नोव्हेंबरमध्ये तेथे पेनड्राइव्हवर बंदी आली. त्या काळात लोकांनी एक साधी युक्तीही काढली होती. पेनड्राइव्हवर आपणच ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ नावाचे रिकामे फोल्डर करून ठेवायचे. एका जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर राहू शकत नाहीत, त्यामुळे साध्या विषाणूची फाइल तयारच होत नसे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग आजही करता येईल.

आकडा २५५ केला की आठही घरे बंद होतात, मग एवढा घोळ का झाला? एक तर एक्सपीत तसे करूनही दार पूर्ण बंद होत नव्हते. जानेवारी २००९ मध्ये यूएस-सर्ट या अमेरिकी संस्थेला तसा इशारा द्यावा लागला. पण आमच्या मते मोठे कारण वेगळे आहे. आकडा बदलता येतो हे किती जणांना ठाऊक होते? बहुतेकांचा संगणक कारखान्यातून जसा येतो तसाच राहतो. २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचे ऑटोरन मुळातच बंद ठेवले गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टा यांनाही ती सुधारणा घरपोच मिळाली. ऑटोरनवर जगणाऱ्या विषाणूंची लागण त्यानंतर काही महिन्यांतच बरीच घटल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. सीडीचे दार मात्र त्या सुधारणेनेही उघडेच ठेवले, आणि ‘मी सीडीच आहे’ असे सांगणारे काही पेनड्राइव्ह त्यातून पुढेही जात राहिले.

साधन ‘मी अमुक’ म्हणते आणि संगणक विश्वास ठेवतो, ही यूएसबीची जन्मखोड आहे. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी पेनड्राइव्हच्या आतली आज्ञावली बदलून त्याला ‘मी कळफलक आहे’ असे म्हणायला लावले. मग तो स्वतःच कळा दाबल्यासारख्या आज्ञा पाठवू लागला. इथे फाइल उघडण्याचाही प्रश्न नाही.

उपाय म्हणून गाडी पुन्हा १९७१ च्या वळणावर आली. लिनक्समध्ये ओळखीच्या उपकरणांची यादी करून यादीबाहेरचे दाराशीच थांबवता येते. अ‍ॅपलने २०२२ पासून आपल्या नव्या चिपवरील लॅपटॉपमध्ये अनोळखी उपकरणाला परवानगी द्यायची का, असे विचारायला सुरुवात केली. त्यांचे टेबलावरचे संगणक हा प्रश्न विचारत नाहीत. कारण सांगितलेले आम्ही वाचलेले नाही, पण तर्क करता येतो: ज्या संगणकाचा कळफलक आणि माउस हीच बाहेरून जोडलेली उपकरणे आहेत, त्यावर ‘हो’ म्हणायचे तरी कशाने?