कोळसा तुझा, लोखंड माझं

तर झालं असं, की गेल्या वर्षी प्रोजेक्टच्या निमित्ताने चार महिने लक्झेंबर्गला ऑनसाइट होतो. या देशात 2020 पासून बस, ट्रेन, ट्राम सगळं फुकट आहे. फुकट म्हटल्यावर पुणेकर घरी बसेल का? दर शनिवारी सॅकमध्ये पोळी-भाजीचा डबा टाकायचा आणि येईल त्या गाडीत बसायचं, असा माझा कार्यक्रम.

अशाच एका शनिवारी दक्षिणेला बेलवाल नावाच्या स्टेशनवर उतरलो. बाहेर येतो तर समोर लोखंड वितळवायच्या दोन अजस्र झोतभट्ट्या! आजूबाजूला विद्यापीठाच्या चकाचक इमारती, कॅफे, लॅपटॉप उघडून बसलेली पोरं, आणि मध्ये हे दोन बुजुर्ग राक्षस. लक्झेंबर्गची शेवटची झोतभट्टी इथेच 1997 मध्ये थंड झाली. आता त्या जपून ठेवल्या आहेत.

तिथून रमतगमत निघालो. थोड्या वेळाने खिशातला फोन थरथरला. मेसेज होता, फ्रान्समध्ये आपलं स्वागत आहे. मी चक्रावून मागे पाहिलं. ना गेट, ना पोलीस, ना 'पासपोर्ट दाखवा'. मी चक्क डबा घेऊन परदेशात शिरलो होतो :)

रात्री खोलीवर येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, की मी जिथे उभा होतो त्या जमिनीने 1871 ते 1945 या काळात चार वेळा देश बदलला. फ्रान्सकडून जर्मनीकडे, परत फ्रान्सकडे, पुन्हा जर्मनीकडे आणि शेवटी पुन्हा फ्रान्सकडे. ज्यांनी गाव सोडलं नाही, त्यांनी घरबसल्या चारदा नागरिकत्व बदललं. मग काय, पुढचे सगळे शनिवार या एकाच विषयात गेले.

हा भाग म्हणजे लोरेन. इथल्या जमिनीत लोहखनिजाचा प्रचंड साठा होता, पण खनिज हलकं. त्यात लोखंड जेमतेम तीस टक्के आणि फॉस्फरस भरपूर. फॉस्फरस राहिला की पोलाद ठिसूळ होतं. 1856 च्या बेसेमर भट्टीत तो निघतच नसे. म्हणजे माल ढिगाने, पण उत्तम पोलादासाठी कुचकामी.

1870-71 च्या युद्धात फ्रान्स हरला आणि जर्मनीने आल्सेससह लोरेनचा एक भाग घेतला. यामागे भाषा होती, मेट्झचा किल्ला होता, सैन्याचं गणित होतं. फक्त लोखंडासाठी युद्ध झालं असं म्हणणं चूक ठरेल. पण सीमा आखताना भूगर्भतज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला होता. बेलफोर्ट किल्ल्याभोवती फ्रान्सला थोडी जास्त जमीन सोडून जर्मनीने बदल्यात लक्झेंबर्गलगतची खनिजाची पट्टी मागून घेतली. तेव्हा जे खनिज माहीत होतं, ते बहुतेक आपल्याकडे आलं अशी त्यांची समजूत झाली.

आणि इथे आपला हीरो येतो. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस. लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून. दिवसा कारकुनी, संध्याकाळी रसायनशास्त्राचे क्लास. त्याचा मामेभाऊ वेल्समधल्या लोखंडाच्या कारखान्यात केमिस्ट होता. दोघांनी मिळून भट्टीच्या आतलं अस्तर बदलून पाहिलं. आधीचं अस्तर आम्लधर्मी होतं, यांनी डोलोमाइटचं, म्हणजे अल्कधर्मी, वापरलं आणि भट्टीत चुना घातला. फॉस्फरस चुन्याला चिकटून मळीत निघून गेला. म्हणजे हार्डवेअर साधारण तेच, बदललं फक्त लायनिंग! 1878 मध्ये त्याने हे लोखंडवाल्यांच्या सभेत सांगितलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 1879 मध्ये मोठ्या भट्टीत करून दाखवलं तेव्हा कारखानदार धावत आले. तेव्हा थॉमस 28 वर्षांचा होता. (माझ्याच वयाचा. मी 28 व्या वर्षी काय केलं, तर पेमेंट मॉड्यूलमधले बग. असो.) 1885 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला.

या कारकुनाने लोरेनच्या मातीचं सोनं केलं. 1913 मध्ये जर्मनी आपल्या हद्दीत जेवढं लोहखनिज काढत होता, त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश या घेतलेल्या प्रदेशातून येत होतं. पण गंमत बघा. 1880 च्या दशकापासून फ्रेंचांनी सीमेच्या त्यांच्या बाजूला खोल बोअर घेतले, आणि ब्रिए गावाच्या आसपास जमिनीखाली आणखी मोठा, जास्त चांगला साठा सापडला. तज्ज्ञांना विचारून आखलेली रेषा पंधरा-वीस वर्षांत शिळी झाली. 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने ब्रिए ताब्यात घेतलं आणि सप्टेंबरमध्ये चॅन्सेलरच्या कार्यालयात बनलेल्या युद्धाच्या मागण्यांच्या यादीत ब्रिएचं नाव होतं.

बरं, नुसतं खनिज असून उपयोग नाही. भट्टीला कोक लागतो, आणि चांगल्या कोकचा कोळसा सुमारे 300 किलोमीटरवर जर्मनीच्या रूर खोऱ्यात. म्हणजे निसर्गानेच वाटणी अशी केली होती, की एकाकडे सरपण आणि दुसऱ्याकडे पीठ. भाकरी कुणाचीच एकट्याची होणार नाही.

1919 मध्ये व्हर्सायच्या तहाने लोरेन फ्रान्सला परत मिळालं. आता पीठ त्यांच्याकडे, सरपण जर्मनीकडे. तहानुसार जर्मनीने कोळसा आणि लाकूड द्यायचं होतं, ते पुरेसं येईना. 11 जानेवारी 1923 ला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य थेट रूरमध्ये घुसलं. खाणीच ताब्यात घेतल्या की झालं, नाही का? पण खाणीत उतरायला माणूस लागतो. जर्मन कामगारांनी आणि रेल्वेवाल्यांनी काम थांबवलं. सुरुवातीच्या महिन्यांत लोरेनच्या भट्ट्यांनाच कोक मिळेना. एसेनमध्ये क्रुपच्या कारखान्यात फ्रेंच सैनिकांच्या गोळीबारात 13 कामगार मेले. संपकऱ्यांना पोसायला जर्मन सरकारने नोटा छापल्या, आणि आधीच घसरलेला मार्क नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी इथवर गेला. फ्रान्सच्या हाती खाण होती, कोळसा नव्हता.

हे वाचताना मला आमच्या गावची विहीर आठवली. विहीर आमच्या हद्दीत, पण लाइटचा पोल आणि मोटरची पेटी चुलत आजोबांच्या शेतात. एका उन्हाळ्यात बांधावरून भांडण झालं. त्यांनी पेटीला कुलूप लावलं, आमच्या आजोबांनी त्यांचा पाइप काढून टाकला. विहिरीला पाणी असून दोघांचाही ऊस वाळला. शेवटी पंच बसले. तीन दिवस तुम्ही, तीन दिवस ते, बिल निम्मं-निम्मं, आणि पेटीची किल्ली शेजारच्या तात्यांकडे. तात्या ना आमचे, ना त्यांचे.

युरोपला तात्या मिळायला अजून एक महायुद्ध लागलं. 1945 नंतर फ्रान्सची पहिली कल्पना जुनीच होती, रूरवर बाहेरून नियंत्रण ठेवायचं. पण जर्मनी पुन्हा उभा राहणार हे दिसत होतं. तेव्हा ज्याँ मोने या माणसाने वेगळा आराखडा केला, आणि परराष्ट्रमंत्री रोबेर शूमन यांनी तो 9 मे 1950 ला पॅरिसमध्ये जाहीर केला. फ्रान्स आणि जर्मनीचं सगळं कोळसा आणि पोलाद उत्पादन एका सामाईक वरिष्ठ मंडळाच्या हाती द्यायचं, आणि ज्यांना यायचंय त्यांना दार उघडं.

हे शूमन कोण? वडील लोरेनचे. 1871 मध्ये सीमा सरकली आणि ते जर्मन झाले. त्यामुळे 1886 मध्ये लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला मुलगाही जन्माने जर्मन. शिकला जर्मन विद्यापीठांत, आणि 1919 मध्ये थेट फ्रान्सच्या संसदेत निवडून आला. सरकणाऱ्या सीमेखाली आयुष्य गेलेल्या माणसाला रेषा आणखी एकदा सरकवून काही होणार नाही, हे कुणी सांगायला नको होतं.

18 एप्रिल 1951 ला सहा देशांनी सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. 1952 मध्ये नऊ जणांचं मंडळ लक्झेंबर्गला बसलं, मोने पहिले अध्यक्ष. कोळसा-पोलादावरची आपसातली जकात गेली. मंडळाला कारखान्यांकडून थेट कर घ्यायचा अधिकार मिळाला. त्यातून खाणकामगारांसाठी घरं आणि काम गेलेल्यांसाठी नवं प्रशिक्षण. वाद झाला तर वेगळं न्यायालय. माल व्यापारातून आधीही येत-जात होताच. 1914 पूर्वी फ्रेंच खनिज जर्मनीत आणि जर्मन कोक फ्रान्समध्ये जातच होता, तरी युद्ध झालं. कमी होती ती किल्ली तिसऱ्याकडे देण्याची.

पण हे सगळं गोडगोड नव्हतं. पुरवठा 'सुरक्षित' झाला असं आपण म्हणतो तेव्हा खाली कोण उतरलं हे विचारायला हवं. 1946 मध्ये इटलीने बेल्जियमशी करार केला होता: आमची माणसं घ्या, आम्हाला कोळसा द्या. 8 ऑगस्ट 1956 ला बेल्जियमच्या मार्सिनेल खाणीत आग लागली. 262 मेले. त्यातले 136 इटालियन. करारांच्या गोष्टीत ही ओळ बहुतेक वेळा गळते.

आणि दुसरी गंमत. ज्या टंचाईची सगळ्यांना भीती होती ती राहिलीच बाजूला. 1958 पासून तेल आणि स्वस्त अमेरिकन कोळशामुळे खाणींबाहेर न खपलेल्या कोळशाचे डोंगर उभे राहिले. 1959 मध्ये मंडळाने आणीबाणीचे अधिकार मागितले, सरकारांनी नाकारले. पुढे एकेक खाण मिटत गेली. लोरेनची शेवटची लोहखाण 1997 मध्ये, फ्रान्सची शेवटची कोळसाखाण 2004 मध्ये, रूरची 2018 मध्ये. 50 वर्षांची मुदत असलेला तो करारसुद्धा 23 जुलै 2002 ला संपला. ज्या मालासाठी पिढ्या कापल्या गेल्या, तो माल आता कुणाला नको होता. उरला तो मला आलेला मेसेज.

आज युरोपची चिंता वेगळी आहे. मोटारी, पवनचक्क्या, बॅटऱ्या यांना लिथियम, कोबाल्ट, दुर्मिळ मृदा धातू लागतात, आणि त्यातल्या कित्येकांचं शुद्धीकरण बहुतांशी चीनमध्ये होतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीला परवाना लावला, आणि काही आठवड्यांत युरोपातल्या मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने अडू लागले. युरोपने मे 2024 मध्येच यावर कायदा केला होता. 2030 पर्यंत गरजेच्या 10 टक्के खनिज आपल्या जमिनीतून, 40 टक्के प्रक्रिया आपल्याकडे, 25 टक्के भंगारातून, आणि कोणत्याही एका बाहेरच्या देशाकडून 65 टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

इंजिनिअर म्हणून मला हे पटतं. एकच सर्व्हर पडला की सगळं बंद, असं डिझाइन कुणी करू नये. पण बेलवालच्या भट्ट्या पाहिल्यापासून वाटतं, की टक्केवारी हा अर्धाच उपाय आहे. रेषेप्रमाणे तीही आजच्या माहितीवर बेतलेली. उद्या एखादा थॉमस संध्याकाळच्या क्लासमधून उठेल आणि आजचा मौल्यवान धातू मळीत निघून जाईल. 1951 मध्ये विहीर आणि पेटी दोन्ही एकाच भाऊबंदकीत होत्या, म्हणून पंच बसू शकले. आता पेटी दूरच्या शेतात आहे आणि किल्ली ठेवायला तात्या कोण, हे ठरलेलं नाही.

आमच्या गावचं विचाराल तर आता दोन्ही घरांनी आपापले बोअर मारलेत. विहिरीत गाळ आहे. पण मागच्या उन्हाळ्यात आमचा बोअर आटला, तेव्हा बाबांनी आधी चुलतकाकांना फोन केला. काका म्हणाले, पाइप घेऊन ये.