वॉशिंग्टन-स्मारकाचा कर्ता रॉबर्ट मिल्स
पोथींत मध्येंच हस्ताक्षर बदललें कीं शोधक थबकतो. अमेरिकेच्या राजधानींतील वॉशिंग्टन-स्मारकाचा संगमरवरही सुमारें १५० फुटांवर, खाण बदलल्यामुळें, असाच रंग पालटतो. चार्ल्सटनचा स्थपति रॉबर्ट मिल्स (१७८१–१८५५) याच्या आराखड्यावरून १८४८ मध्यें पाया घातला गेला. वर्गणी आटल्यानें १८५४ मध्यें काम थांबलें, व पुढल्याच वर्षीं तो वारला. लष्करी अभियंता केसी यानें १८८४ मध्यें ५५५ फुटांचा स्तंभ पुरा केला. परंतु मिल्सनें तळाशीं योजिलेला वर्तुळाकार स्तंभमंडप झालाच नाहीं. तळाच्या रुंदीच्या दसपट उंची व अणकुचीदार माथा हीं तर इटलींतील अमेरिकी वकील मार्श याच्या सूचनेचीं फळें, मिसरी स्तंभांच्या मापांवरून सुचविलेलीं. तेव्हां आजची आकृति सर्वस्वी मिल्सचीच, हें प्रचलित विधान आम्हांस मान्य होण्याजोगें वाटत नाहीं.