वंगण, स्टेपनी आणि लाल त्रिकोण

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, लढाया आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. पण बैलगाडीच्या आसालाही इतिहास असतो आणि मोटारीच्या जॅकलाही असतो. तो ठाऊक असला तर प्रसंगी माणसाचा जीव वाचतो. म्हणून आज त्याच इतिहासाविषयी थोडे सांगावयाचे आहे. विषय अगदी रोजचा आहे : गाडी वाटेत अडली तर जवळ काय असावे, आणि ती अडूच नये म्हणून तिची निगा कशी राखावी.

हा विषय आमच्या अकोले तालुक्यात जितका निकडीचा आहे, तितका सपाट मुलखात कदाचित वाटणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, पश्चिम टोकाचा हा तालुका. रतनगडापाशी प्रवरा उगम पावते ती येथेच, आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही येथलेच. संगमनेरकडून आलेला कोल्हार-घोटी रस्ता अकोल्यावरून राजूर, बारी करीत घोटीला उतरतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर असे धुके दाटते की दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि कित्येक दऱ्याखोऱ्यांत आजही मोबाईलला रेंज नसते. पुण्यात गाडी बंद पडली तर हाकेच्या अंतरावर मेकॅनिक भेटतो. घाटघरच्या वाटेवर पडली तर तुम्ही, तुमची गाडी आणि वरून कोसळणारा पाऊस, एवढेच तिघे.

ही स्थिती नवी नाही. आपल्या वाडवडिलांना ती पुरती ठाऊक होती. म्हणून बैलगाडी घेऊन लांबच्या वाटेला निघणारा शेतकरी कधी रिकाम्या हाताने निघत नसे. त्याच्या गाडीला तीन वस्तू हटकून असत. पहिली, वंगणाचा नळा. तेलात काजळी कालवून केलेले वंगण बांबूच्या नळ्यात भरून गाडीला टांगलेले असे. चाक करकरू लागले की गाडी थांबवायची, खीळ काढायची, चाक थोडे बाहेर ओढून आसाला वंगण द्यायचे. दुसरी वस्तू म्हणजे जादा दोर. जुंपणी तुटली, साटीचा बांध सुटला, तर तो कामी येई. आणि तिसरी वस्तू म्हणजे गाडीखाली टांगलेला कंदील. त्याच्या उजेडात गाडीवानाला वाट दिसे हे खरे. पण मागून-पुढून येणाऱ्याला गाडी दिसे, हे त्याहून महत्त्वाचे.

निगेचेही वेळापत्रक ठरलेले असे. उन्हाळ्यात लाकूड आटते, तुंबा आणि आरे सैल पडतात, लोखंडी धाव ढिली होते. मग चाक लोहाराकडे जाई. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून ती चाकावर चढवीत आणि वर पाणी ओतीत. तापलेले लोखंड निवताना आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. पदार्थविज्ञानाचा हा पाठ आमच्या लोहाराने शाळेत न जाता शिकवला. मोडल्यावर दुरुस्ती करण्यापेक्षा मोडण्याआधी निगा करणे स्वस्त पडते, हे तत्त्व त्याच्या भट्टीपाशी गावातल्या लहान मुलालाही कळत असे.

आता मोटारीकडे वळू. जर्मनीत कार्ल बेन्झ याने पेट्रोलवर चालणारी गाडी बनविली. पण ती लांबचा पल्ला गाठू शकते हे सिद्ध केले त्याची पत्नी बर्था हिने. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात नवऱ्याला न सांगता ती दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. त्या काळी ना पेट्रोल पंप, ना गॅरेज. इंधन संपत आले तेव्हा तिने वाटेतल्या औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याच्या पट्ट्याचे वेष्टण दिले. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी दमली की मुले खाली उतरून ढकलत. मोटारीच्या लांबच्या प्रवासातली पहिली हत्यारपेटी म्हणजे या बाईच्या अंगावरच्या वस्तू होत्या, असे म्हटले तर वावगे ठरू नये. परत आल्यावर तिने या अडचणी सांगितल्या, आणि चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसविण्यात आला. अडचण आधी येते आणि साधन मागून, हा यंत्रांच्या इतिहासातला नेहमीचा क्रम आहे.

स्टेपनीचेच पाहा. आपल्या खेड्यापाड्यांत ज्याला इंग्रजीचे अक्षर येत नाही तोही हा शब्द सहज बोलतो. जादा चाकाला हे नाव का पडले? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. पंक्चर झाले की ड्रायव्हरने धुळीत बसून टायर उतरवावा, ट्यूबला ठिगळ लावावे आणि पंपाने हवा भरावी. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लॅनेली नावाचे गाव आहे. तेथे डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर एक तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली, आऱ्या नसलेली एक धाव त्यांनी तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने आवळून बसवायची आणि गाडी पुढे हाकायची. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. त्यावरून ते चाक ‘स्टेपनी’ झाले. पुढे सबंध चाकच काढता-घालता येऊ लागले आणि डेव्हिस बंधूंची युक्ती मागे पडली. खुद्द इंग्लंडात आज हा शब्द फारसा कोणाला ठाऊक नाही. आपल्याकडे मात्र तो गावोगाव नांदतो आहे. एका परक्या गावातल्या गल्लीचे नाव अकोल्याच्या बसस्थानकावर रोज घेतले जाते, ही गंमत लहान नव्हे.

आपल्या भागात मोटार पुष्कळांनी प्रथम पाहिली ती खाजगी ‘सर्व्हिस मोटार’ म्हणून. ती भरली की सुटे आणि बंद पडली की उतारूंनी ढकलायची असे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा अनेक मोटारी मागे भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या. मग स्वातंत्र्यानंतर, १ जून १९४८ रोजी, आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून राज्य परिवहनाची पहिली गाडी नगरहून पुण्यास धावली. एस्‌. टी.ने आपल्याला गावोगाव पोचविले हे तर सर्वजण सांगतात. पण तिने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे आगार. गाडी मुक्कामाला आली की ती धुवावी, तपासावी, ड्रायव्हरने बिघाड लिहून द्यावा, कारागिराने तो काढावा आणि मगच गाडी पुन्हा बाहेर पडावी, ही शिस्त आगाराने रुजविली. लोहाराच्या भट्टीचे तत्त्व येथे वहीत उतरले.

आज अकोले तालुक्यात दारोदार मोटारसायकल आहे, पिकअप आहेत, ट्रॅक्टर आहेत. गाडीचे मालक आपण झालो. पण आगाराची वही कोणी ठेवायची हे आपण ठरवले नाही. पूर्वी गाडीवान स्वतःच गाडीचा वैद्य होता. आता गॅरेजवाला आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि गॅरेजवाला बिघाड झाल्याशिवाय गाडी पाहत नाही. दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. उत्तम आहे. पण त्याच दिवशी स्टेपनीत हवा आहे का, हे किती जण पाहतात? अडल्यावर स्टेपनी काढावी आणि तीही बसलेली निघावी, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावी आणि तिलाही पाणी लागू नये, तशी गत.

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. टायरची हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. स्टेपनीचीही त्याच वेळी मोजावी. टायरच्या नक्षीची खोली मोटारीला १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर यांहून कमी नसावी, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला समजावा. न वापरताही रबर म्हातारे होते, म्हणून जुना टायर स्वस्तात घेताना हे आकडे वाचा. इंजिनातले ऑइल गाडी सपाट जागी उभी करून पाहावे. इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले दाबलेले उकळते पाणी तोंडावर येते. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे. पावसाळा लागण्यापूर्वी वायपरचे रबर, दिवे आणि बॅटरीची टोके पाहून घ्यावीत.

जवळ काय ठेवावे? हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि पाना, चाकामागे लावायला लाकडी पाचर, ओढण्यासाठी भक्कम दोर, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे आणि रेडिएटरचे पाणी, आणि लाल त्रिकोण. नवी मोटार घेणाऱ्यांनी डिकी उघडून एकदा पाहावेच. टायर ट्यूबलेस असतील आणि हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनीऐवजी टायर-दुरुस्तीचा संच देण्याची मुभा २०२० च्या नियमदुरुस्तीने कंपन्यांना मिळाली आहे. आपल्या गाडीत काय आहे, आणि ते वापरावे कसे, हे घरी अंगणात शिकावे. भर पावसात घाटात शिकू नये.

आता त्या लाल त्रिकोणाविषयी, कारण आजच्या बोलण्याचे सार त्यात आहे. वंगण आपल्या चाकासाठी असते, स्टेपनी आपल्या प्रवासासाठी असते. त्रिकोण मात्र आपल्यासाठी नसतो, तो मागून येणाऱ्या माणसासाठी असतो. गाडीखालच्या कंदिलाचा तो नातू आहे. १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात थांबलेल्या गाडीमागे ठेवण्याच्या या त्रिकोणाला स्थान मिळाले, ते याच विचाराने. अडलेली गाडी जितकी धोक्यात असते, तितकाच, किंबहुना अधिक, धोका तिच्यामुळे इतरांना असतो. सपाट रस्त्यावर त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर ठेवावा; घाटात वळणाच्या अलीकडे ठेवावा, पलीकडे नव्हे. वळण घेतल्यावर दिसणारा त्रिकोण म्हणजे घर जळल्यावर आलेला बंब.

आपल्या तालुक्यात हा प्रश्न दोन वेळा विशेष बिकट होतो. पहिली वेळ गळिताच्या हंगामाची. अगस्ती कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या रात्रीच्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीचा मागचा दिवा उसाखाली झाकला गेला, की ती काळोखाचाच एक तुकडा होते. मागे चमकपट्टी लावायला थोडकाच खर्च येतो. दुसरी वेळ पावसाळ्याच्या तोंडाची. काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याकडे रात्री शेकडो गाड्या येतात, अरुंद रस्त्याच्या कडेला थांबतात, आणि काजवे नीट दिसावेत म्हणून दिवे मालवून ठेवतात. काजवे पाहावेत; पण गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घेऊन.

अपघात झालाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर इतर तातडीची मदत मागता येते. रेंज नसेल तर एकाने पुढे जाऊन निरोप द्यावा. जखमीला उचलायला लोक कचरतात ते पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने. परंतु २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. हे गावात सर्वांना कळले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमच्या हातून चांगले होईल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलांकडून घरच्या गाडीची एक यादी भरून घ्या : हवा, दिवे, ब्रेक, स्टेपनी, त्रिकोण. आणि मुलांना गावातल्या म्हाताऱ्या सुताराकडे, लोहाराकडे पाठवा. तुंबा, आस, धाव हे शब्द अजून कोणाच्या तोंडी आहेत तोवर वहीत उतरवून घ्या. इतिहासाचा आणि जीव वाचविण्याचा असा दोन्ही धडा एका दिवसात होईल.

शेवटी एकच सांगणे. आपल्याकडे गाडी बंद पडली की मागे मोठे दगड मांडण्याची आणि झाडाच्या फांद्या ठेवण्याची चाल आहे. त्रिकोण नसेल तर दुसरे तरी काय करणार? पण गाडी दुरुस्त झाल्यावर ड्रायव्हर निघून जातो, आणि दगड तसेच रस्त्यात राहतात. रात्री दूध घालून किंवा बाजार करून मोटारसायकलवर परतणारा कोणी तरुण त्या दगडावर आदळतो. ज्याने दगड ठेवले त्याला हे कधी कळतही नाही. तेव्हा गाडी सुरू झाली की आधी मागे जाऊन रस्ता मोकळा करा, आणि मगच पहिला गिअर टाका.