देवापुढेच पसरलेला पदर

विश्वास नसेल तर देवाला संतोष देता येत नाही, असे इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. मंडळीत हे लहानपणापासून कानांवर पडते आणि बहुतेकांच्या बाबतीत कानांवरच राहते. काही थोड्या माणसांनी मात्र त्याचा अर्थ थेट घरखर्चाला लावला. उद्याचे पीठ कोठून येणार, हे देवाला विचारायचे. माणसापुढे हात पसरायचा नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ही रीत आली कोठून, याचा माग काढत गेले की वाट जर्मनीतल्या एका दानपेटीपाशी पोचते.

हाले शहराला लागून ग्लाउखा नावाची गरीब वस्ती होती. आउगुस्ट हेर्मान फ्रांके १६९२ मध्ये तिथे पाळक म्हणून आला. १६९५ साली त्याच्या घरातल्या दानपेटीत कोणीतरी चार थालर आणि सोळा ग्रोशेन टाकले. तेवढ्या पैशांवर त्याने गरीब मुलांची शाळा काढली. १६९८ मध्ये अनाथाश्रमाच्या मोठ्या इमारतीचा पाया घातला, तेव्हा ती पुरी करण्याइतकी रक्कम गाठीला नव्हती. पैसे कसे आणि कोणत्या घडीला आले, हे त्याने लिहून छापले. पण तो नुसता वाट पाहत बसला नव्हता. आश्रमाचा छापखाना होता, औषधशाळा होती, पुस्तकांचे दुकान होते. याच हालेत शिकलेला त्सीगेनबाल्ग हा मिशनरी १७०६ मध्ये भारतात तरंगंबाडीला उतरला.

सुमारे सव्वाशे वर्षांनी याच हालेत जॉर्ज म्युलर धर्मशास्त्र शिकायला आला. बापाच्या ताब्यातले सरकारी पैसे चोरणारा, खानावळीचे बिल बुडवून सोळाव्या वर्षी तुरुंगात गेलेला हा मुलगा. १८२५ मध्ये एका घरातल्या प्रार्थनासभेत त्याचे मन पालटले. काही काळ तो फ्रांकेच्या अनाथाश्रमातच राहिला होता. पुढे इंग्लंडमध्ये पाळक झाल्यावर त्याने ठरावीक पगार सोडला. १८३५ च्या नोव्हेंबरात फ्रांकेचे चरित्र पुन्हा त्याच्या हाती पडले आणि ११ एप्रिल १८३६ रोजी ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर मुलींसाठी घर उघडले. नियम दोनच: कोणाकडे मागायचे नाही आणि कर्ज काढायचे नाही. १८७० पर्यंत शहराबाहेरच्या अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. दोन हजार मुलांची तिथे सोय होती.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळू नये. वर्षाकाठी छापील अहवाल काढायचा, देणग्यांच्या हकिगती प्रसिद्ध करायच्या, हे आडून मागणेच नव्हे काय? अहवाल वाचून लोकांना पाझर फुटत असणार, हे उघड आहे. तरीही म्युलरच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. १८४१ च्या डिसेंबरात तिजोरीत खडखडाट असताना अहवाल काढायची वेळ आली, तेव्हा त्याने तो मुद्दाम लांबणीवर टाकला. गरज असताना लिहिले तर ती याचना होईल, म्हणून. हिशेब उघडा ठेवणे आणि गरज उघडी करणे या दोन्हींतली रेघ त्याने स्वतःचे नुकसान सोसून ओढली. मला ती प्रामाणिक वाटते.

म्युलरने लिहिलेले या हकिगतींचे पुस्तक रमाबाईंनी वाचले. त्याबरोबर चायना इनलँड मिशनची हकिगत आणि मिशनरी जॉन पेटनचे चरित्रही वाचले. असे देवावर भिस्त ठेवून चालणारे मिशन आपल्या देशात कोणी का काढत नाही, असे त्यांना वाटत होते. मग दुसऱ्याने काढण्याची इच्छा धरण्यापेक्षा तूच का सुरू करत नाहीस, अशी देवाची प्रेरणा आपल्याला झाली, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे.

पण रमाबाईंना हा धडा पुस्तकातूनच प्रथम मिळाला, असे म्हणणे अपुरे ठरेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. गावोगावच्या देवळांत, घाटांवर पोथी सांगायची आणि लोक वाहतील त्यावर राहायचे, अशा अयाचित घरात त्या वाढल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्याच घराची अन्नान्नदशा झाली. हात पसरणे जमेना, मजुरी करणे शोभेना. आईवडील आणि बहीण गेली. न मागण्याचा शेवट काय होऊ शकतो, हे म्युलरला ठाऊक नव्हते इतके रमाबाईंना ठाऊक होते. म्हणूनच १८९६ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा देवावर भरवसा टाकला, याचे मोल मला ब्रिस्टलपेक्षा मोठे वाटते.

बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनची मदत दहा वर्षांपुरती होती आणि ती शारदासदन या रमाबाईंच्या पुण्यातल्या संस्थेतील उच्चवर्णीय विधवांसाठी होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे मुलींसाठी त्यातला पैसा वापरता येण्यासारखा नव्हता. पुण्यात प्लेग आला आणि या मुली केडगावच्या माळावर आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

वडिलांच्या घरात जे निषिद्ध होते, तेच रमाबाईंनी मुक्तीत रोजचे केले: कष्ट. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. प्रार्थना पहाटे आणि मग दिवसभर काम. विश्वासाचे जीवन म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा समज अजूनही अनेकांच्या मनात आहे. हाले आणि केडगाव या दोन्ही ठिकाणचे छापखाने त्याला उत्तर देतात.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेले बायबल त्यानंतर १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यात छापून झाले. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले होते. पुणे–दौंड मार्गावर केडगाव स्टेशन लागते. कधी उतरलात, तर ते घर बघून या.