बुद्धिबळांचा पट आणि यंत्राची बुद्धि

मनुष्यानें घडविलेलें यंत्र त्याच्याच बुद्धीवर मात करील काय, हा प्रश्न बुद्धिबळांच्या पटापुरता तरी आतां निकालांत निघाला आहे. जगांतील कोणताही खेळाडू आज उत्तम गणकयंत्रासमोर बरोबरीच्या नात्यानें बसूं शकत नाहीं. हा निकाल कसा लागला आणि त्यानें आपल्या मुलांच्या हातांतील खेळाचें मोल उणें झालें कीं काय, याचा विचार नांदेड-लातूरच्या भूमीवरून करणें आम्हांस उचित वाटतें. कारण या खेळाशीं त्या परिसराचा संबंध जुना आहे.

लातूरच्या शेजारीं, बिदर जिल्ह्यांत, बसवकल्याण आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी ती हीच. नांदेड जिल्ह्यांतील होट्टलचीं मंदिरें त्याच घराण्याच्या काळाची साक्ष देतात. या घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. ज्या ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या ओवीचा उल्लेख सांपडतो, त्याच ग्रंथांत चतुरंगाच्या खेळाचेंही वर्णन आहे. पुढें सतराव्या शतकांत काशीच्या नीलकंठ भट्टांनीं आपल्या ‘नीतिमयूख’ या राजनीतीवरील ग्रंथांत बुद्धिबळांस स्थान दिलें. त्यांचें घराणें मूळचें पैठणचें. नांदेडला वाहत येणाऱ्या गोदावरीच्याच वरच्या तीरावरचें.

यंत्राचा इतिहास त्या मानानें अलीकडचा. १७७० सालीं व्हिएन्नाच्या दरबारांत केंपेलेननें दाखविलेला ‘तुर्क’ नांवाचा बाहुला डाव जिंकीत असे, पण त्याच्या पेटींत मनुष्यच दडलेला होता. १९१२ च्या सुमारास स्पेनच्या तोरेस केवेदो यानें राजा व हत्ती घेऊन एकट्या राजावर मात करणारें खरेंखुरें यंत्र बनविलें. १९५० सालीं क्लॉड शॅनन यानें गणकयंत्राच्या खेळाचे दोन मार्ग मांडले: सर्वच चाली कांहीं खोलीपर्यंत तपासाव्या, अथवा निवडक चालीच खोलवर पाहाव्या. मनुष्य दुसऱ्या मार्गानें जातो. यंत्राला मोठें यश लाभलें तें पहिल्यावर भर देऊन.

१९९६ सालीं फिलाडेल्फिया येथें जगज्जेत्या कास्पारोव्हनें ‘डीप ब्ल्यू’चा ४–२ असा पराभव केला. पण मे १९९७ मध्यें न्यूयॉर्क येथें त्याच यंत्राच्या सुधारलेल्या आवृत्तीनें ३½–२½ अशी परतफेड केली. सेकंदास सुमारें २० कोटि स्थिति तपासण्याचें तिचें सामर्थ्य होतें. तरीही झुंज संपली नव्हती. २००२ सालीं बहारीनमध्यें क्रामनिकनें ‘डीप फ्रिट्झ’शीं ४–४ अशी बरोबरी साधली. २००६ सालीं बॉन येथें मात्र तो २–४ असा हरला, आणि एका डावांत तर पुढच्याच चालीला होणारी मात त्या जगज्जेत्याच्या नजरेंतून सुटली. श्रम, भीति, अनवधान हीं यंत्राला नाहींत. मनुष्याच्या पराभवाचें एक मोठें कारण हेंच. २०१७ सालीं ‘अल्फाझीरो’ केवळ नियम घेऊन, स्वतःशींच खेळून शिकलें आणि ‘स्टॉकफिश’शीं झालेल्या १०० डावांत २८ जिंकून एकही हरलें नाहीं. कार्लसननें २०१४ सालीं गांठलेलें २८८२ हें मनुष्याचें सर्वोच्च गुणांकन. यंत्रांच्या आपसांतील याद्यांत ३५०० च्या वरचे आंकडे आढळतात. मापें एकाच तराजूंतलीं नव्हेत, तरी अंतर उघड आहे.

मग मराठवाड्यांतील मुलामुलींनीं हा पट कशासाठीं मांडावा? सोमेश्वरानें चतुरंगाची गणना मनाला उल्हास देणाऱ्या गोष्टींत केली, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. दोन माणसें पटावर एकमेकांच्या बुद्धीशीं व स्वतःच्या उतावीळपणाशीं झगडतात. त्या शिक्षणाला यंत्राच्या विजयानें बाध येत नाहीं. शिवाय पूर्वीं निष्णात गुरु मोठ्या शहरांतच मिळे. आज साध्या मोबाईलवर जगज्जेत्यालाही हरवील असा सोबती फुकट लाभतो. याच यंत्रयुगांत नाशिकचा विदित गुजराथी पुढें आला आणि नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकला.

परंतु हा सोबती चाल सांगतो, तिचें कारण शब्दांत उलगडीत नाहीं. ‘लातूर पॅटर्न’नें सरावाचें महत्त्व उभ्या महाराष्ट्राला पटविलें, तथापि उत्तर पाठ असणें आणि उत्तर सुचणें यांतील भेद पटावर लपत नाहीं. म्हणून पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलानें आधीं स्वतः विचार करावा, चुकावें, आणि मग यंत्राला विचारावें. हा क्रम उलटला, तर यंत्र खेळेल आणि मूल केवळ त्याचीं प्यादीं सरकवील.